गोचिडांवर रॉकेल नको, कंगवा घ्या

पावसाळा आला की वस्तीत हा प्रकार हमखास दिसतो. दारातल्या कुत्र्याला गोचीड झाले म्हणून कोणी रॉकेलमध्ये बुडवलेली चिंधी त्याच्या अंगाला चोळतो, कोणी फिनेल ओततो, कोणी शेतात फवारायचे औषध बादलीत कालवून लावतो. हेतू चांगला असतो, पण कुत्रे आपले अंग चाटते. कातडीतून गेले नाही ते विष चाटण्यातून पोटात जाते. रॉकेलने कातडी भाजते, तर फवारणीच्या औषधाने लाळ गळते, अंग थरथरते आणि कधी कुत्रे मरतेही. मग "गोचीड तापाने गेले" असे म्हणून आपण मोकळे होतो. 'सगळेच करतात' म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नका, हे कालाम सुत्त ऐकलेल्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.

आमचे मत असे की औषधाच्या आधी हात हवा. रोज दहा मिनिटे कुत्र्याचे अंग विंचरले, तर निम्मे दुखणे सुरुवातीलाच सापडते. गावठी कुत्र्याचे केस आखूड असतात. त्याला रबरी दात्यांचा ब्रश किंवा साधा बोथट दातांचा कंगवाही चालतो. लांब केसांच्या कुत्र्याला तारेचा ब्रश लागतो. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, मानेपासून शेपटीकडे, हलक्या हाताने फिरवावे. जटा झाल्या असतील तर बोटांनी सोडवाव्यात. कातडीलगत कात्री चालवू नये. कुत्रे जेवत असताना किंवा झोपेत असताना विंचरायला जाऊ नये, आणि लहान मुलांना हे काम एकट्याने करू देऊ नये.

विंचरताना डोळे उघडे ठेवायचे. कानांच्या मागे व आत, काखेत, जांघेत, पायांच्या बोटांच्या बेचक्यात गोचीड लपतात. सापडला तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढावा आणि साबणाच्या पाण्यात टाकावा. नखाने चिरडू नये. केसांतून काळे कण पडले तर ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची घाण आहे, त्यात कुत्र्याचेच रक्त असते. केस गेलेला गोल चट्टा दिसला तर विशेष जपा. ते गजकर्ण असू शकते, आणि ते घरातल्या मुलांनाही होते.

मात्र नुसते कुत्रे साफ करून भागत नाही. मादी गोचीड रक्त पिऊन गळून पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याचे गोणपाट धुऊन उन्हात टाका, फटी बुजवा. अंघोळ मात्र रोज नको, आणि आपला साबणही नको. कातडी कोरडी पडून खाज वाढते. कडुलिंबाच्या पाण्याला हरकत नाही, पण त्याच्यावर विसंबू नका. उन्हाळ्यात अंगाची हजामत करण्याचीही गरज नाही. ते केस उन्हापासूनही जपतात.

"कुत्र्याचे केस विंचरणे हे श्रीमंतांचे चोचले," असे आपल्यातच काही जण म्हणतात. ज्या समाजाला चवदार तळ्याचे पाणी नाकारले आणि जनावरांना तेच पिऊ दिले, त्या समाजात अशी अढी असणे आम्ही समजू शकतो. पण तो गुन्हा माणसांचा होता, जनावरांचा नव्हे. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेले बाबासाहेबांच्या कुटुंबाचे छायाचित्र अनेक घरांत लावलेले आहे. त्यात रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव यांच्यासोबत टॉबी हा कुत्राही आहे. पुढे १९५६ मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही प्राणिमात्रांवरच्या दयेची प्रतिज्ञा आहेच.

एक मात्र बजावतो. शहरात आपल्या कितीतरी भगिनी दुसऱ्यांच्या फ्लॅटमध्ये कुत्र्यांचे केस झाडतात. घरी आल्यावर तेच काम पुन्हा त्यांच्या गळ्यात घालू नका. कुत्रे पाळायची हौस ज्याची, त्यानेच कंगवा हातात घ्यावा. बहुतेक घरांत तो बाप नाहीतर थोरला मुलगा असतो.

ताप, हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून रक्त, खाणे सोडणे यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यकाकडे न्या. गावात जिल्हा परिषदेचा दवाखाना असतो, मुंबईत परळचे बैलघोड्याचे हॉस्पिटल आहे. गोचिडांचे औषध कुत्र्याच्या वजनाप्रमाणे तेच लिहून देतील. घरात मांजर असेल तर तेही सांगा, कारण कुत्र्याला चालणारी काही औषधे मांजराचा जीव घेतात. गेलाच आहात तर रेबीजची लसही टोचून घ्या.