ताडाच्या खोडातील टिकी

हस्तकलेच्या शिक्षणाने हात तयार होतो, डोळा तयार होतो, हे सर्वांस मान्य आहे. परंतु हात जे घडवतो ते काय आहे, कोणाचे आहे आणि कशासाठी आहे, हा विचार हाताबरोबर तयार झाला नाही, तर ते शिक्षण अर्धेच राहिले असे आमचे मत आहे. या मताची कसोटी पाहणारा एक प्रश्न या वर्षी आमच्यापुढे आला. तो विद्यार्थी व पालक या दोघांच्याही विचारार्थ येथे मांडीत आहोत.

गेल्या पावसाळ्यात मनीषनगरातील एका गृहसंकुलाच्या आवारात शोभेसाठी लावलेले ताडाच्या जातीचे एक उंच झाड वादळात पडले. त्याच्या खोडाचा सुमारे दोन हात लांबीचा तुकडा काही विद्यार्थ्यांनी हस्तकलेच्या वर्गात आणला. त्यातून स्नेहसंमेलनाच्या रंगमंचासाठी एक ‘टिकी’ कोरावी, असा त्यांचा मनोदय होता. मोठे डोळे, रुंद तोंड, दातांची रांग, असे लाकडी पुतळे त्यांनी चित्रांतून व चित्रपटांतून पाहिले होते. हे कानी येताच एका पालकांनी विचारले, “मिशनच्या शाळेत मुलांनी मूर्ती घडवाव्यात काय?” दुसरे पालक म्हणाले, “अहो, ती तर नुसती शोभेची वस्तू! तिचा एवढा विचार कशाला?” आमच्या मते या दोन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे, आणि दोन्ही अपुरी आहेत.

प्रथम टिकी म्हणजे काय ते पाहू. प्रशांत महासागरातील बेटांवर राहणाऱ्या पॉलिनेशियन लोकांचा हा शब्द आहे. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या परंपरेत टिकी हे आदिपुरुषाचे नाव आहे. मार्केसस बेटांत मानवाकृती कोरीव मूर्तींस टिकी म्हणतात. त्या दगडाच्या असत, तशा कठीण लाकडाच्याही असत. त्यांत पूर्वजांचे व देवतांचे स्मरण असे. ताडाच्या ओंडक्यातील जी टिकी आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिली, ती मात्र फार अलीकडची. 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात दक्षिण समुद्राच्या बेटांचा देखावा उभारलेली मद्यगृहे निघाली आणि त्यांच्या सजावटीत या मुद्रा येऊ लागल्या. पुढे तर मद्याचे पेलेही टिकीच्या आकाराचे झाले. तेथूनच ती घरोघरच्या बागांत गेली, आणि बागेतील पडलेले ताडाचे खोड तिच्यासाठी सोयीचे ठरले. सारांश, एका समाजाचा पूर्वज दुसऱ्या समाजाच्या मद्यगृहाचा द्वारपाल होऊन बसला. आपल्या आजोबांची तसबीर कोणी परक्याने गुत्त्याच्या दारावर टांगली, तर आपणांस काय वाटेल, याचा विचार ‘नुसती शोभा’ म्हणणाऱ्यांनी करावा.

आता दुसरी बाजू. ख्रिस्ती मिशनरी जेव्हा त्या बेटांवर गेले, तेव्हा नव्या श्रद्धेचा स्वीकार करणाऱ्या लोकांनी कितीतरी कोरीव मूर्ती जाळल्या. हवाई बेटांत तर मिशनरी 1820 साली पोहोचले, त्यापूर्वीच, 1819 साली, तेथील राजाने जुने निर्बंध मोडून देवळे व मूर्ती नष्ट करण्याची आज्ञा दिली होती. म्हणजे सारा दोष एकाच्याच माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तथापि जे जळले ते गेले. रुरुतू बेटाची एक मूर्ती मात्र सुदैवाने वाचली. 1821 साली त्या बेटावरील लोकांनी आपला ‘आआ’ नावाचा देव लंडन मिशनरी सोसायटीच्या लोकांच्या स्वाधीन केला. तो जाळला न जाता लंडनला गेला व आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या मूर्तीचे डोळे, नाक, तोंड इतकेच नव्हे, तर सर्व अंग लहान लहान मानवाकृतींनी घडवलेले आहे. तिच्या कारागिराचे नाव कोणासही ठाऊक नाही, पण त्याचे काम पाहून जगातील मोठमोठे कलावंत थक्क झाले. पिकासोने तर त्या मूर्तीची प्रतिकृती आपल्यापाशी ठेवली होती. अशी किती कामे अग्नीत गेली असतील, या विचाराने मन उदास होते.

आपल्या नागपुरास या बाबतीत एक चांगला आदर्श लाभला आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे 1845 साली स्कॉटलंडहून येथे आले. त्यांचा धर्म गोंडांच्या धर्माहून निराळा होता, आणि आपल्या श्रद्धेविषयी ते तिळमात्र शिथिल नव्हते. तरीही त्यांनी गोंडांच्या चालीरीती नोंदवल्या आणि त्यांचे लिंगोचे गीत ऐकून उतरवून घेतले. 1863 साली टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना नदीच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. त्यांचे हे लेखन सर रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली प्रसिद्ध केले. दुसऱ्याची श्रद्धा आपली मानली नाही, तरी ती समजून घेता येते व जपूनही ठेवता येते, हे त्यांच्या उदाहरणावरून सिद्ध होते.

पहिल्या पालकांच्या शंकेचेही उत्तर दिले पाहिजे. अर्धे लाकूड चुलीत घालून उरलेल्या अर्ध्याचा देव करणाऱ्या सुतारावर यशया संदेष्ट्याने कडक टीका केली आहे, ती आम्हास ठाऊक आहे. परंतु ती टीका भक्तीवर आहे, पटाशीवर नव्हे. त्याच पवित्र शास्त्रात बसालेल व अहलियाब या कारागिरांचे कौशल्य हे देवाचे दान म्हणून वर्णिले आहे. शलमोनाच्या मंदिराच्या भिंतींवर व दारांवर करूब, फुले आणि खजुरीची झाडे कोरलेली होती, असे राजांच्या पहिल्या पुस्तकात सांगितले आहे. आणि आपल्या प्रभूनेही नासरेथ गावी सुतारकामच केले. लाकूड कोरणे हे आमच्या धर्मास विरोधी असते, तर हे सारे घडलेच नसते.

प्रत्यक्ष कामाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ताड, शिंदी, माड ही एकदल झाडे होत. साग किंवा शिसव यांच्याप्रमाणे त्यांच्या खोडात वर्षावर्षाची वलये नसतात. बाहेरचा भाग कठीण व तंतूंनी घट्ट भरलेला असतो, तर गाभा मऊ व भुसभुशीत असून लवकर कुजतो. म्हणून कारागिरास सर्व कोरीव काम बाहेरच्या कठीण थरातच उरकावे लागते. त्यात नाजूक बोटे किंवा बारीक वेलबुट्टी निघत नाही. मोठे डोळे व ठसठशीत ओठच शोभतात. आधी करवतीने आडवा छेद द्यावा, मग त्या छेदापर्यंत वरून व खालून पटाशी चालवावी, नाहीतर तंतू लांबवर उचकटून येतात. ओले खोड उन्हात वाळवू नये, सावलीत हळूहळू वाळू द्यावे, अन्यथा ते तडकते. ज्या मुलाने हे एकदा केले, त्याला बाजारात मांडलेल्या लाकडी वस्तूमागचे श्रम निराळे शिकवावे लागत नाहीत.

आणि हे श्रम पाहण्यासाठी प्रशांत महासागरापर्यंत जाण्याची गरजही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. त्याच्या आधी काही दिवस महाल व इतवारीच्या बाजारात लाकडी नंदी ओळीने उभे असतात. काही मुठीत मावतील एवढे, तर काही मुलांच्या उंचीचे. भोसल्यांच्या काळापासून ही चाल आहे असे सांगतात. मुले चाकांवरचा नंदी दोरीने ओढीत घरोघर नेतात व बोजारा मिळवतात. परंतु नंदीचे वशिंड, मानेची पोळी, शिंगांचा बाक ही कोणाच्या हातची करामत आहे, हे त्यांच्यातील कितीजणांस ठाऊक असते? पायांत लाकडाचा धागा उभा नसेल तर पहिल्याच धक्क्यास पाय मोडतो, हे जाणणारा सुतार आपल्याच शहरात राहतो, आणि आम्ही मात्र मुलांस टिकीची चित्रे दाखवतो. नंदीस कोणी देवाचे वाहन मानून पुजतो, कोणी शेतकऱ्याचा कष्टाळू सोबती म्हणून त्याचा मान राखतो. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशी. परंतु कारागिराचा मान राखणे हे सर्वांचेच कर्तव्य होय.

तात्पर्य, त्या खोडात टिकी कोरू नये, असे आमचे मत आहे. तिच्यात पाप आहे म्हणून नव्हे, तर ती कोणाची तरी आहे आणि रंगमंचावरील गमतीसाठी नाही म्हणून. मुलांनी तिचा इतिहास अवश्य वाचावा, तिची चित्रे काढावीत, तिच्या कारागिराचे कौतुक करावे. खोडात मात्र त्यांनी आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या शेतकऱ्याचा चेहरा कोरावा. रुंद कपाळ, डोईचे पागोटे, उन्हाने आकसलेले डोळे, हे सारे ताडाच्या जाड तंतूंतही उत्तम उठेल. आणि पुढील श्रावणात नंदी घडवणाऱ्या एखाद्या सुतारास शाळेने मानाने बोलवावे, त्यास योग्य मानधन द्यावे व त्याच्या हाताखाली मुलांस आठ दिवस बसवावे. पालकांनीही नंदी विकत घेताना घासाघीस थोडी आवरती घ्यावी. जो समाज आपल्या कारागिरास दोन पैसे कमी देण्यात चातुर्य मानतो, त्यास पुढे आपल्या कारागिराचे काम पाहण्यासाठी परदेशातील वस्तुसंग्रहालयाचे तिकीट काढावे लागते.