हुकलेला पेपर आणि खरा केसपेपर

विद्यापीठाच्या परीक्षा सुरू झाल्या की सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक ठरावीक दृश्य दिसू लागते. रांगेत एक विद्यार्थी उभा असतो, सोबत बहुधा वडील किंवा मामा. नाडी, रक्तदाब, तापमान सगळे ठीक असते. काय होतंय म्हणून विचारले की वडीलच आवाज खाली आणून सांगतात, ‘‘साहेब, सोमवारी याला ताप होता. पेपरला जाता आलं नाही. कॉलेजात मेडिकल मागतायत. सोमवारच्या तारखेचं तेवढं लिहून दिलंत तर बरं होईल.’’ त्या दिवशी गुरुवार असतो.

ताप खोटा असतो असे नाही. बहुतेक वेळा तो खराच असतो. पण सोमवारी त्या मुलाला कोणत्याही डॉक्टरने तपासलेले नसते. मेडिकलच्या दुकानातून दोन गोळ्या आणून तो घरीच किंवा होस्टेलच्या खोलीत झोपून राहिलेला असतो. आता न पाहिलेला ताप मागच्या तारखेने कसा लिहायचा? मग विनवण्या होतात, ओळखी निघतात आणि शेवटी कुठून तरी कागद मिळतो. खरा आजार खोट्या कागदावर स्वार होऊन कॉलेजात पोहोचतो. ही कसरत सहज टाळता येते. ती टळत नाही, कारण पेपर हुकलाच तर पहिल्या दिवशी काय करायचे, हे विद्यार्थ्याला कुणी सांगितलेलेच नसते.

मुळात काही वेळा पेपर सोडणे हाच योग्य निर्णय असतो. हिवाळी परीक्षा आणि पावसाळ्यानंतरचा डेंग्यू यांची गाठ अनेकदा पडते. डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो. घरच्यांना हायसे वाटते आणि मुलगा हॉल तिकीट घेऊन निघतो. प्रत्यक्षात गुंतागुंत झालीच तर ती बहुधा याच सुमारास, ताप उतरताना होते. पोटात तीव्र दुखणे, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची ग्लानी यांपैकी काहीही असेल, तर त्या विद्यार्थ्याची जागा परीक्षा केंद्रावर नाही, रुग्णालयात आहे. कांजिण्यांचेही तसेच. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत संसर्ग पसरू शकतो. अशा वेळी केंद्राला आधी कळवून वेगळी खोली मिळते का, हे विचारावे. हात मोडला असेल तर लेखनिक मिळू शकतो का, हेही त्याच दिवशी विचारावे. न विचारताच पेपर सोडून देणारे विद्यार्थी कमी नाहीत.

जायचे नाही असे ठरले किंवा जाता आलेच नाही, तर पहिले काम एकच, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे. रात्र असेल तर सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो. तिथे निघालेल्या केसपेपरवर तारीख असते, नोंदणी क्रमांक असतो, तपासणारा डॉक्टर काय पाहतो ते लिहिलेले असते. रक्ताच्या अहवालावरही नमुना घेतल्याची तारीख असते. हे कागद आजार चालू असताना तयार झालेले असतात, त्यामुळे नंतर मागून घेतलेल्या दाखल्यापेक्षा ते कितीतरी भक्कम ठरतात. मूळ प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात, कॉलेजला छायाप्रती द्याव्यात.

डॉक्टरच्या सहीमागेही नियम आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंद नोंदवहीत ठेवायची असते, त्याची प्रत जपायची असते, रुग्णाची सही किंवा अंगठा आणि ओळखीची खूण नोंदवायची असते. खोटा दाखला दिल्याचे सिद्ध झाले तर नोंदणी जाऊ शकते. कायद्याने तो गुन्हाही आहे. विद्यार्थ्याचाही तोटा होतोच. आजाराची सहानुभूती बाजूला राहते आणि चौकशी फसवणुकीची सुरू होते.

मग उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासाठी दरवाजा बंद झाला का? नाही. मागची तारीख टाकता येत नसली, तरी खरे लिहिता येते. ‘रुग्ण सोमवारपासून ताप असल्याचे सांगतो, आज तपासणीत अमुक आढळले’ असे आजच्या तारखेने लिहिणे पूर्णपणे प्रामाणिक आहे. शिवाय अनेक आजार मागे खुणा ठेवून जातात. डेंग्यूत पहिल्या काही दिवसांनंतर एनएस-१ चाचणी नकारार्थी येऊ शकते, पण साधारण पाचव्या दिवसापासून आयजीएम प्रतिद्रव्ये सापडू लागतात. कावीळ रक्तात आणि डोळ्यांत दिसत राहते. कांजिण्यांच्या खपल्या असतात, मोडलेल्या हाडाचा एक्स-रे असतो. म्हणून डॉक्टरकडे ‘तारीख बदलून द्या’ म्हणण्याऐवजी ‘मला काय झाले होते ते तपासा’ असे म्हणावे. त्यात दाखला तर मिळतोच, कधी कधी अर्धवट राहिलेला आजारही सापडतो.

अडचण होते ती खूण न ठेवणाऱ्या कारणांची. एखादी मुलगी केंद्राच्या फाटकापर्यंत जाते आणि छाती धडधडू लागते, हातापायाला मुंग्या येतात, श्वास पुरत नाही. आपण आता मरणार असे वाटून ती घरी परतते. हा घबराटीचा झटका असतो. तो बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि अर्ध्या तासात ओसरू लागतो. शांत बसवून, हळूहळू श्वास सोडायला सांगून कुणी धीर दिला, तर कित्येक जण उशिरा का होईना, पेपरला बसू शकतात. उशिरा किती वेळ प्रवेश मिळतो, हा नियम म्हणूनच आधी वाचून ठेवावा. पण अशी मुलगी डॉक्टरकडे जातच नाही, कारण घरात ‘नाटकं’ हा शब्द आधीच उच्चारला गेलेला असतो. पहिल्यांदाच असे झाले असेल तर हृदय, दमा, थायरॉइड तपासून घ्यावे आणि मग मानसोपचार विभागाची पायरी न लाजता चढावी. त्या विभागाचा केसपेपरही तितकाच खरा असतो.

आणखी एक कारण कुणी कबूल करत नाही, ते म्हणजे झोप. रात्रभर जागून पहाटे डोळा लागतो आणि पेपरची वेळ निघून जाते. सलग २४ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.१० टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्येच दाखवले होते. आपल्याकडे वाहन चालवताना मर्यादा ०.०३ टक्के आहे. अशा मेंदूने पेपर गाठला असता तरी फार काही हाती लागले नसते. यावर दाखला नाही. इथे कॉलेजला खरे सांगणे आणि पुढच्या पेपरच्या आदल्या रात्री वेळेवर झोपणे, एवढेच औषध आहे.

कागदपत्रांनंतरचे काम परीक्षा विभागाचे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज किंवा ई-मेल करावा. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो. विद्यापीठांचे नियम सारखे नसतात, तरी दोन गोष्टींतला फरक लक्षात घ्यावा. अंतर्गत परीक्षा कॉलेजच्या हातात असते, तिथे आजाराचे कागद पाहून पुन्हा संधी मिळण्याची शक्यता जास्त. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत मात्र बहुधा ‘गैरहजर’ हीच नोंद होते आणि तो विषय पुरवणी किंवा पुढच्या परीक्षेत द्यावा लागतो. म्हणून चार प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. पुरवणी परीक्षा आहे का? तिच्या अर्जाची शेवटची तारीख कोणती? एटीकेटीने पुढच्या वर्गात जाता येईल का? अंतर्गत गुण कायम राहतील का? दुःखात ही तारीख निघून गेली की एका पेपरचे दुखणे आणखी सहा महिन्यांनी लांबते.

आणि उरलेले पेपर द्यावेत. ‘एक गेला, आता काय उपयोग’ म्हणून पुढचे तीन सोडणे म्हणजे बोट कापले म्हणून हात तोडणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक लागतात. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे त्याचा तिसावा भाग. तेवढेच नुकसान झालेले असते, आणि तेही भरून निघणारे.

हे गणित घरात कुणीतरी मोठ्याने सांगायला हवे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. त्या सगळ्यांचे कारण परीक्षा नव्हते. तरीही हुकलेल्या पेपरनंतरची पहिली रात्र धोक्याची असू शकते, हे पालकांनी आणि होस्टेलमधल्या मित्रांनी विसरू नये. मूल जेवत नसेल, निरवानिरवीचे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये. ‘जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मनातले बाहेर येते. ‘टेली मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन दिवसरात्र मोफत चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.

विद्यापीठांनाही यातून सुटका नाही. एक दिवसाच्या तापासाठीही दाखला मागितला की आजारी विद्यार्थी रांगेत उभा राहतो आणि दाखल्यांचा बाजार फुलतो. त्याऐवजी वर्षातून ठरावीक वेळा विद्यार्थ्याचे स्वतःचे लेखी निवेदन ग्राह्य धरावे, गंभीर आजारासाठी रुग्णालयाचे कागद पाहावेत आणि पुरवणी परीक्षा निकालानंतर काही आठवड्यांतच घ्यावी. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. परीक्षेच्या दिवशी तो समुपदेशक केंद्राच्या फाटकाजवळ असला, तर काही विद्यार्थी तिथूनच आत वळतील.

गुरुवारच्या रांगेतल्या त्या वडिलांना सोमवारची तारीख कुणी देऊ शकत नाही. पण मुलगा पुढच्या खेपेला आजारी पडला, तर त्याच दिवशी त्याला घेऊन येणे त्यांच्या हातात आहे. केसपेपर खिडकीवर मिळतो, त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही.