मृत्युपत्रावर ‘दबाव’ होता म्हणता? कोर्ट आधी काय बघतं

धाराशिव : बाप गेला. तेराव्यानंतर एका भावानं मृत्युपत्र काढलं, सगळं रान त्याच्या एकट्याच्या नावावर. बाकीचे म्हणतात, "आण्णाला काही समजत नव्हतं, दाबून अंगठा घेतला." भूम-परंडा असो की उमरगा-लोहारा, हे भांडण गावोगाव आहे.

मोठ्या घरांनाही ते चुकलं नाही. बाळासाहेब ठाकरे यांचं मृत्युपत्र १३ डिसेंबर २०११ चं. १७ नोव्हेंबर २०१२ ला त्यांचं निधन झालं. वडिलांची मनःस्थिती ठीक नव्हती, उद्धव यांचा त्यांच्यावर प्रभाव होता, असं म्हणत जयदेव ठाकरे यांनी मुंबई उच्च न्यायालयात हरकत घेतली. उद्धव यांनी ती नाकारली. साक्षी, उलटतपासण्या चालल्या आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये जयदेव यांनी माघार घेतली. दबावाचं खरं-खोटं ठरायचं राहूनच गेलं.

मग कोर्ट ठरवतं कसं? भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम ६१ प्रमाणं फसवून, धाक दाखवून किंवा माणसाची स्वतःची मर्जीच उरणार नाही इतका तगादा लावून करून घेतलेलं मृत्युपत्र रद्द ठरतं. मर्जीच उरली नाही, हे दाखवावं लागतं. म्हाताऱ्याला धाकट्याकडं ओढ होती, त्यानं दवाखाना केला, जमिनीचा विषयही काढला, एवढ्यानं दबाव होत नाही. सेवा करणाऱ्याला जास्त देणं हा गुन्हा नाही.

इथं बरेच जण फसतात. दबाव होता असं जो म्हणतो, पुरावा त्यानंच द्यायचा. पण मृत्युपत्र संशयास्पद दिसत असेल तर तो संशय फेडायचा बोजा ते पुढं आणणाऱ्यावर. ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयानं साठहून जास्त वर्षांपूर्वी सांगून ठेवलीय. थरथरती सही, आजारी मन, बायको-लेकींना कारण नसताना वगळणं, आणि ज्याला जमीन मिळणार त्यानंच कागद करण्यात पुढाकार घेणं, ही संशयाची ठिकाणं. आपल्याकडं शेवटचीच चूक जास्त. रिक्षा त्याची, वकील त्याचा, साक्षीदार त्याचे मित्र. हेतू चांगला असला तरी कोर्टात ते अंगलट येतं.

"रजिस्टर केलंय, आता काय होतंय?" हाही गैरसमज. नोंदणी सक्तीची नाही आणि नोंदणीनं संशय आपोआप जातही नाही. दोन साक्षीदार मात्र लागतातच, आणि त्यातला हयात असलेला किमान एक कोर्टात उभा राहावा लागतो. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात एक साक्षीदार आला, पण दुसऱ्यानं सही केल्याचं त्याला सांगता आलं नाही. दुसरा हजर होण्याजोगा असूनही बोलावला नाही. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मृत्युपत्र शाबीत झालं नाही असं ठरवलं. साक्षीदार म्हणून सत्तरीतला मित्र घेणाऱ्यांनी याचा विचार करावा.

हल्ली मोबाईलवर व्हिडिओ काढतात. म्हातारा स्वतःच्या तोंडानं गट नंबर, लेकरांची नावं, कुणाला का दिलं हे सांगत असेल तर उपयोग होतो. मागून लेक "हो म्हणा दादा" म्हणत असेल तर तोच व्हिडिओ समोरच्या वकिलाच्या कामाचा.

वडिलोपार्जित जमिनीत बापाला फक्त स्वतःच्या हिश्श्याचंच मृत्युपत्र करता येतं. फेरफाराची नोटीस आली की हरकत मुदतीत, लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. पण मृत्युपत्र खरं की खोटं याचा शेवटचा निवाडा तलाठी, मंडळ अधिकारी करत नाहीत. तो दिवाणी कोर्टातच होतो.