बारा व्होल्ट दिसतात, पण ब्रेक लागत नाही!

फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी लागली की त्यात 'इलेक्ट्रोमॅग्नेटिक ब्रेकिंग सिस्टीम' असतेच. एक मोटर, एक अ‍ॅल्युमिनियमची चकती, शेजारी कॉइल. बटण दाबलं की चकती थांबते, एक्स्टर्नल सर मान डोलावतात आणि मॉडेल वर्षभर कपाटावर धूळ खातं. मित्रांनो, माझं म्हणणं असं की चालणारा ब्रेक दाखवून घेण्यापेक्षा न चालणारा ब्रेक मुलांपुढे ठेवा आणि म्हणा, शोध बाबा काय झालंय ते.

उदाहरण मुद्दाम लांबचं घेतो. अमेरिकेत, कॅनडात लोक पिकअपच्या मागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घरच, जोडून सुट्टीवर निघतात. दोन-तीन टनांचं धूड. त्याच्या चाकांत विजेवर चालणारे ड्रम ब्रेक असतात. गंमत म्हणजे त्यातला मॅग्नेट स्वतः शूज दाबत नाही. तो फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट तोंडाला चिकटू बघतो, ड्रम त्याला बरोबर ओढतो, त्या ओढीने एक दांडा फिरतो आणि शूज ड्रमवर दाबले जातात. जोर चाकाचाच, वीज फक्त चिथावणी देते!

हा ब्रेक ढिला पडला की मागचं घर पुढच्या गाडीला ढकलायला लागतं. मग मालक आधी कंट्रोलरचा गेन वाढवतो, मग नवा कंट्रोलर आणतो, मग मॅग्नेट बदलतो. आपण ब्रेडबोर्डवर आयसी बदलत बसतो तसंच. कुणी मीटर लावलाच तर ब्रेकची वायर सुटी करून लावतो. मीटर सांगतो १२ व्होल्ट. झालं, सप्लाय ओके!

इथेच सगळे फसतात. मीटरमधून करंट जवळजवळ जातच नाही, त्यामुळे वाटेतला गंजका जोड गुपचूप बसून राहतो. १० किंवा १२ इंची ड्रमचा एक मॅग्नेट सुमारे ३ अँपिअर घेतो, चार चाकांचे झाले १२. वाटेत बारीक वायर आणि खराब जोड मिळून नुसता पाव ओहम असला, तरी जवळजवळ ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. मॅग्नेटला उरतात ९. ओढ साधारणपणे करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ती निम्म्याच्या जरा वर उरली. अर्थ एवढाच की व्होल्टेज मोजायचं ते ब्रेक दाबलेला असताना, मॅग्नेट जोडलेला ठेवून. अर्थिंगची वायरही तशीच तपासायची. हिचच्या गोळ्यातून अर्थ मिळेल या भरवशावर राहायचं नाही.

आणखी एक सोपी युक्ती आहे. ट्रेलर सुटून गेला तर आपोआप ब्रेक लागावा म्हणून त्यावर स्वतःची बॅटरी आणि एक पिन असते. गाडीकडची वायर काढायची, पिन ओढायची आणि हळूच पुढे ओढून बघायचं. चाकं जाम धरली तर दोष पुढच्या बाजूला, गाडीत किंवा प्लगमध्ये. नाही धरली तर ट्रेलरखाली आडवं व्हा. तिथे बहुतेक वेळा अगदी साध्या गोष्टी निघतात : अ‍ॅडजस्टमेंट सैल, सील गळून शूजवर ग्रीस, अ‍ॅक्सलच्या नळीत घासलेली वायर.

यात थर्ड इयरच्या पलीकडचं काही आहे का? ओहमचा नियम तर बारावीतच झाला. तरी जर्नलमधली रीडिंग्ज आपण मागच्या बॅचकडून 'घेतो', कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं.

अमेरिकेचं कौतुक राहू द्या. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जातात, त्यातल्या कितीतरींना ब्रेकच नसतो. उतारावर सगळा भार पुढच्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. त्या रस्त्यांवरून सुट्टीला घरी जाणारे होस्टेलवर अर्धेअधिक आहेत. त्यांनी तरी हा विषय 'स्कोपच्या बाहेर' म्हणू नये.

खर्चाची सबब चालणार नाही. एक गाडीची बॅटरी, ५५ वॅटचे तीन हेडलाइट बल्ब समांतर, लांब वायर आणि फ्यूज. करंट ट्रेलरपेक्षा थोडा जास्तच भरेल. वाटेत एका बंद डब्यात सरांनी एक खराब जोड लपवायचा, दर बॅचला वेगळ्या जागी. मार्क उत्तराला नकोत, कुठल्या क्रमाने शोधलं त्याला हवेत. लॅबच्या मामांना विचारलंय, जुनी बॅटरी आहे. सरांनी फक्त टाइमटेबलात दोन तास द्यावेत.