घरची दुरुस्ती : मुठीतला हट्टी स्क्रू

एअर रायफलची मूठ सैल झाली की घरातले कोणीतरी हाती लागेल तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसते. टोक खाचेपेक्षा लहान असले की ते घसरते आणि दोन-तीन झटक्यांत खाच गुळगुळीत होते. मग स्क्रू जागचा हलत नाही.

आधी रायफल ताणलेली नाही, नळीत 4.5 मिलिमीटरचा छर्रा नाही, याची खात्री करावी. नळीत समोरून डोकावू नये. हवेचा सिलिंडर असल्यास काढून ठेवावा.

खाचेतली घाण सुईने काढावी. गंज असेल तर तेलाचा एकच थेंब सोडून रात्रभर थांबावे; जास्त तेल लाकडी मुठीत मुरते. मग खाचेत नेमके बसणारे टोक घ्यावे, मध्ये रुंद रबरबँडचा तुकडा ठेवावा. जोर दाबण्यावर जास्त, फिरवण्यावर बेताचा.

स्क्रू डिंक लावून बसवलेला असेल तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक त्याच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवावे. डिंक मऊ पडताच, रबर न लावता, फिरवावे. प्लॅस्टिकच्या मुठीला मात्र उष्णता देऊ नये.

डोके वर आलेले असेल तर हॅकसॉच्या पात्याने नवी खाच पाडता येते. घरी ड्रिल चालवू नये; काही रायफलींत सेफ्टीची स्प्रिंग मुठीतच असते. अशा वेळी जाणकार कारागीर गाठावा, आणि परवान्याची रायफल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्यावी.

निघालेला स्क्रू पुन्हा वापरू नये. त्याच आट्यांचा नवा बसवावा.