पहिलं शिवण ब्लाउजचं कशाला?



"शिवण शिकायचंय? मग आधी ब्लाउजचं कटिंग शीक." आपल्याकडे मुलींना हेच सांगतात, आणि मला ते साफ चुकीचं वाटतं. टक्स, मुंढा, बाही, गळा यांत पोर अशी अडकते की पुन्हा सुई हातात धरत नाही. मग उसवलेली साधी टीपही टेलरकडे, आणि एवढ्याशा कामाला तो आठ दिवस लावणार!

तिला सुती फ्लॅनेलचा स्कार्फ शिवू द्या. बाळाच्या दुपट्याचं तेच लवदार कापड. जॉर्जेटसारखं सटकत नाही, वाकडा टाका लवेत बुडून जातो. (चेक्सचं घ्या, रेष आखायला नको.) कापण्याआधी कापड धुवाच, ते आटतं. दीड मीटर लांब, 25 सेंमी रुंद अशा दोन पट्ट्या, सुलट बाजू आत. कडेपासून एक सेंमीवर उलटी टीप घालायची, लांब बाजूला हात जाईल एवढं तोंड सोडायचं. कोपरे छाटून स्कार्फ उलटवायचा, तोंड हेम घालून बंद. सगळ्या शिवणी सरळ, मशीन लागतच नाही.

"तयार मफलर मिळतात की!" मिळतात. लेबल वाचा, अनेकदा ॲक्रिलिक नाहीतर लोकर. लोकर तर आपल्यातल्या कित्येकजणी टाळतात.

दहा वर्षांच्या मुलीलाही हे चार-पाच दुपारींत जमतं. क्लासची फी त्यानंतर भरा.