अकरावीत सुटलेलं बायोलॉजी

मैत्रिणींनो, दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. सायन्स की कॉमर्स? सायन्स ठरलं, की पुढचा प्रश्न : बायो घ्यायचं की मॅथ्स? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने आठवडाभरात उत्तर द्यायचं आणि त्यावर तिची पुढची वाट ठरायची. बरं, उत्तर तरी तीच देते का? ‘चारही विषय झेपायचे नाहीत,’ असं मामा म्हणतो. ‘इंजिनीअरिंगला पोरगी लवकर कमावती होते,’ असं शेजारचे काका सांगतात. क्लासची फी बघून बाबा मान डोलावतात आणि बायोलॉजी सुटतं.

मग बारावीनंतर एखादी म्हणते, ‘मला डॉक्टरच व्हायचंय.’ आमच्या महिला मंडळाकडे अशा मुली आयांना घेऊन येतात. पूर्वी त्यांना ‘आता उशीर झाला’ एवढंच सांगावं लागे. कारण एमबीबीएससाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय अकरावी-बारावीत सलग दोन वर्षं, नियमित विद्यार्थी म्हणून, प्रात्यक्षिकांसह शिकलेले असणं बंधनकारक होतं. बारावीनंतर बाहेरून दिलेलं बायोलॉजी धरलंच जात नसे. मुक्त विद्यालयातून शिकलेल्यांनाही दार बंद होतं. त्यांना अडवणारी तरतूद २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द ठरवली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हा सगळाच नियम सैल केला. बारावी झाल्यानंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी जादा विषय म्हणून घेऊन उत्तीर्ण झालेली व्यक्तीही आता नीट परीक्षेला बसू शकते. परदेशात एमबीबीएस करायला जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. त्याआधी २०२२ मध्ये नीटसाठीची कमाल वयाची अटही निघाली होती. म्हणजे पीसीएम घेऊन बारावी झालेली, अगदी बी.एस्सी.ला गेलेली मुलगीसुद्धा पुन्हा या वाटेवर येऊ शकते.

मी स्वतः कला शाखेची. पण माझ्या मते हा बदल शहरापेक्षा आपल्या गावांसाठी मोठा आहे. शहरात चारही विषय देणारी कॉलेजं आणि सल्ला देणारे भरपूर. तालुक्याच्या गावी मात्र कॉलेजात जो ग्रुप मिळेल तो घ्यायचा. तिथे सुटलेला विषय मुलीने सोडलेला असतोच असं नाही. बऱ्याचदा तो तिच्या हातातच आलेला नसतो.

पण मैत्रिणींनो, हुरळूनही जायला नको. नव्या नियमाने परीक्षेला बसण्याची पात्रता मिळते, जागा नाही. नीट ७२० गुणांची असते. त्यातले १८० गुण फिजिक्सचे, १८० केमिस्ट्रीचे आणि तब्बल ३६० बायोलॉजीचे. म्हणजे राहिलेला विषयच निम्मी परीक्षा! बारावीचा बायोलॉजीचा पेपर कसाबसा सुटला म्हणून नीट सुटत नाही. अकरावीचाही सगळा अभ्यासक्रम मुळापासून करावा लागतो. शिवाय बारावीला या तीन विषयांत उत्तीर्ण व्हावं लागतंच.

करायचं कसं? महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेला ‘तुरळक विषय’ घेऊन बसता येतं. आपल्याच कॉलेजात जाऊन त्याची चौकशी करा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडूनही सुटे विषय देता येतात. प्रात्यक्षिक मात्र चुकवू नका आणि गुणपत्रिका नीट जपून ठेवा. राज्याच्या कोट्यातल्या जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी-बारावी कुठून केली हेही बघतात. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका वाचाच. आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे प्रवेशही नीटवरूनच होतात, पण त्यांचे आयोग वेगळे आहेत. त्यांचे नियम वेगळे पाहावे लागतील. आणि ‘बायोचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त पैसे भरा,’ असं कुणी म्हणालं, तर चहा पाजून त्याला वाटेला लावा.

आता खरा प्रश्न. नियम सैल झाला, पण घरचा नियम? जादा विषय म्हणजे किमान एक वर्ष. नीटची तयारी धरली तर कदाचित दोन. मुलाने असं वर्ष घेतलं की आपण म्हणतो, ‘रिपीट करतोय, मोठ्या क्लासला टाकलाय.’ त्याच्यासाठी लातूरला खोली घेतली जाते, प्रसंगी कर्ज काढलं जातं. मुलीने वर्ष मागितलं की तेच घर म्हणतं, ‘घरी बसलीय.’ आणि घरी बसलेल्या मुलीला लगेच स्थळं यायला लागतात. स्वयंपाक आहे, आजीचं औषधपाणी आहे, धाकट्याची शाळा आहे. तिचा अभ्यास या सगळ्याच्या फटीत बसवला जातो. मग निकाल मनासारखा आला नाही, की आपणच म्हणणार, ‘बघा, सांगितलं नव्हतं?’

दिल्लीतला आयोग कागदावर दार उघडू शकतो. रोजचे सहा-सात तास मात्र घरातूनच मिळायला हवेत, आणि ते बहुतेक वेळा आईच्याच हातात असतात. सगळ्याच मुली डॉक्टर होतील असं नाही. जागा थोड्या, बसणारे लाखोंनी. म्हणून घरात आधीच बसून ठरवा : किती वर्षं, किती खर्च आणि नाही जमलं तर पुढे काय. बी.एस्सी., नर्सिंग, फार्मसी या वाटा उघड्या ठेवा. पण ठरवताना मुलीला समोर बसवा. तिच्या माघारी नको.

आणि ज्यांच्या मुली आत्ता दहावीत आहेत त्यांना एवढंच सांगेन, अकरावीचा फॉर्म भरताना सही करण्याआधी एकदा तिलाच विचारा, ‘तुला काय आवडतं?’ बायोलॉजी पुढे भरून काढता येतं, हे खरं. पण भरून काढायची वेळच येऊ नये, हे केव्हाही बरं.